चिल्लरीतली चांदी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



संयोजकांनी बोलणाऱ्या सगळ्यांना एकच अट घातली होती. नोकरी, मुलांचे मार्क आणि गुडघेदुखी हे तीन विषय सोडून काहीही बोला. या तीन गोष्टी वजा केल्यावर आपल्या वयाच्या माणसाकडं फार थोडं उरतं, हे मला यादी करायला बसल्यावर कळलं. माझ्याकडं एकच विषय उरला. गेली आठ वर्षं मी बँकेतून चिल्लर आणते, रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर ओतून एकेक नाणं बघते आणि पुन्हा बँकेत नेऊन भरते.

हसलात ना? माझा नवराही हसतो. इंजिनिअरिंग केलं, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि शेवटी सुट्टे पैसे मोजत बसली, असं तो पाहुण्यांना सांगतो. पण या उद्योगानं मला जे शिकवलं ते आज तुमच्यापुढं ठेवावंसं वाटतं. आपण सगळे आता अशा वयाला आलो आहोत की ते आपल्या उपयोगी पडेल. कसं, ते शेवटी सांगते. आधी हा उद्योग काय आहे ते समजून घ्या.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिथं बँकेत नाणी कागदात घट्ट गुंडाळलेली मिळतात, साधारण पोलोच्या गोळ्यांच्या पाकिटासारखी. त्याला रोल म्हणतात. एक सेंटच्या नाण्याला पेनी म्हणतात, रोलमध्ये पन्नास. पाच सेंटचं निकेल, रोलमध्ये चाळीस. दहा सेंटचा डाईम, पन्नास. पंचवीस सेंटचा क्वार्टर, चाळीस. आणि अर्ध्या डॉलरचं मोठं नाणं, हाफ डॉलर, रोलमध्ये वीस. असे पन्नास रोल एका खोक्यात येतात. म्हणजे हाफ डॉलरचं खोकं घेतलं तर पाचशे डॉलरला एक हजार नाणी. पाचशे डॉलर द्यायचे, हजार नाणी घ्यायची. त्यात काही सापडलं नाही तर हजार नाणी परत करून पाचशे डॉलर घ्यायचे. पेट्रोल आणि वेळ सोडला तर तोटा शून्य. मराठी माणसाला मानवेल असा हा जुगार आहे.

आता या नाण्यांत शोधायचं काय? तर चांदी.

१९६४ पर्यंत अमेरिकेतले डाईम, क्वार्टर आणि हाफ डॉलर नव्वद टक्के चांदीचे होते. बाजारात चांदीचा भाव चढत गेला आणि नाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा आतल्या धातूचीच किंमत जास्त होईल अशी वेळ आली. तसं झालं की लोक नाणं खर्च करत नाहीत, घरात ठेवतात. सुट्ट्या पैशांची टंचाई तर आधीपासूनच होती. म्हणून जुलै १९६५ मध्ये कायदा झाला. डाईम आणि क्वार्टरमधून चांदी पूर्ण काढली. आत शुद्ध तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलच्या मिश्रणाचा पापुद्रा, असं नाणं सुरू झालं. हाफ डॉलरमध्ये मात्र चांदी चाळीस टक्क्यांवर आणली आणि १९७० पर्यंत तशी ठेवली. १९७१ पासून तेही तांबं-निकेलचं झालं.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा असायचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ ब्याण्णव टक्के चांदी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ती निम्म्यावर आणली. पुढं १९४७ च्या रुपयात चांदी राहिलीच नाही, तो निकेलचा झाला. अमेरिकेनं पंचवीस वर्षांनी तेच केलं.

ही दोन नाणी मी पहिल्या बाकावर देते, ती मागं फिरवत न्या. दोन्ही क्वार्टर आहेत. एक १९६३ चा, एक १९९८ चा. चित्र बघू नका, दोन्हींवर वॉशिंग्टनच आहेत. नाणं आडवं धरा आणि त्याची कड बघा. एका नाण्याच्या कडेला तांबूस रेघ दिसेल. तीच ती आतल्या तांब्याची. दुसऱ्याची कड सगळीकडून पांढरी आहे. तो चांदीचा. आता दोन तळहातांवर दोन ठेवून बघा. चांदीचा ६.२५ ग्रॅमचा आहे, दुसरा ५.६७ चा. सव्वा सहा आणि पावणेसहाच्या आतबाहेरचा हा फरक सवय झाली की हाताला कळतो. टेबलावर टाकलात तर कानालाही कळेल. आपल्या आज्ज्या रुपया दगडावर वाजवून घ्यायच्या ते उगाच नाही. खणखणीत नाणं हा शब्द आपण माणसांना वापरतो, पण तो खराखुरा चाचणीचा शब्द आहे.

म्हणून रोल फोडला की मी तारखा वाचत बसत नाही. वीसही नाणी तशीच आडवी धरते आणि कडा बघते. तांबूस, तांबूस, तांबूस, तांबूस, आणि मधेच एक पांढरी फट. त्या क्षणी जे होतं ते सांगता येत नाही. शाळेच्या गॅदरिंगच्या सोडतीत आपला नंबर पुकारला की होतं तसं काहीतरी. चाळीस टक्केवाल्या हाफ डॉलरची कड मात्र फसवी असते. ती करडी, मळकट दिसते. तिथं साल बघावंच लागतं.

निकेलची वेगळीच गंमत आहे. निकेलमध्ये एरवी कधीच चांदी नव्हती, फक्त युद्धाच्या काळात होती. १९४२ मध्ये निकेल हा धातू लष्करी कामासाठी हवा होता, म्हणून नाण्यातून तो काढला आणि त्याजागी पस्तीस टक्के चांदी घातली. म्हणजे निकेल नावाच्या नाण्यात निकेलच नाही! ती नाणी पुढं ओळखता यावीत म्हणून मागच्या बाजूला, जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या घराच्या घुमटावर, टांकसाळीचं अक्षर ठळक मोठं काढलं. १९४५ पर्यंतची ही नाणी आजही कधीतरी रोलमध्ये निघतात, काळवंडलेली, तेलकट दिसणारी. काउंटरवरच्या मुलीला ती घाणेरडी वाटतात.

हाफ डॉलरची गोष्ट मला सगळ्यांत जवळची आहे. अध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली आणि काही महिन्यांत, मार्च १९६४ मध्ये, त्यांचा चेहरा असलेला हाफ डॉलर लोकांच्या हातात आला. पहिल्याच वर्षीचं ते नाणं नव्वद टक्के चांदीचं. लोकांनी रांगा लावून ती नाणी घेतली आणि खर्च न करता आठवण म्हणून कपाटात ठेवली. नंतरच्या वर्षांतलीही तशीच ठेवली. एवढी ठेवली की हाफ डॉलर व्यवहारातून जवळजवळ नाहीसाच झाला. आजही दुकानात हाफ डॉलर दिला तर गल्ल्यावरचं पोर तो उलटसुलट करून बघतं. जे नाणं कोणी वापरत नाही ते कुणाचीतरी पिशवी बँकेत रिकामी झाली की रोलमध्ये येतं, आणि म्हणून चांदी शोधणारे हाफ डॉलरची खोकी मागतात.

आता तुमच्यातले व्यापारी मनात हिशोब करत असतील. करून टाकते. मागच्या एका वर्षात मी बारा खोकी बघितली, बारा हजार नाणी. त्यात चांदीची सतरा निघाली. तेरा चाळीस टक्केवाली, चार नव्वद टक्केवाली. चाळीस टक्केवाल्यात ४.६ ग्रॅम चांदी असते, नव्वदवाल्यात ११.२५ ग्रॅम. औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, तीस डॉलर भाव धरला तर सगळी मिळून शंभर डॉलरच्या आसपास. त्यातून नाण्यांची मूळ किंमत साडेआठ डॉलर वजा. एका खोक्याला बघण्याचा एक तास आणि बँकेच्या खेपांचा एक तास, असे चोवीस तास. तासाला चार डॉलरसुद्धा पडत नाहीत. अमेरिकेत कायद्यानं किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर आहे. तेव्हा पैशासाठी हे कोणी करू नका. पाच-सहा खोकी ओळीनं कोरडी गेली की पैशासाठी करणारे आपोआप गळतात.

चांदीखेरीज दुसरा शोध असतो तो वेगळ्या छापाच्या नाण्यांचा. माझ्यातल्या इंजिनिअरला हा भाग जास्त आवडतो. नाणं ठशानं छापतात, आणि तो ठसा दुसऱ्या एका मूळ ठशावरून दाबून तयार करतात. पूर्वी एका दाबात तो नीट उठत नसे, म्हणून दोन-तीनदा दाबत. दुसऱ्यांदा दाबताना जरा सरकला की ठशावरच अक्षरं दुहेरी उमटायची. मग त्या ठशातून निघालेलं प्रत्येक नाणं तसंच. आमच्या भाषेत सांगायचं तर चूक मूळ कोडमध्ये आहे, ती प्रत्येक प्रतीत येणार. सर्वांत प्रसिद्ध आहे ती १९५५ ची पेनी. तिच्यावरची अक्षरं आणि साल नुसत्या डोळ्यांनी दोन-दोन दिसतात. असं सांगतात की त्या वेळी यंत्रातून मिळणारं सिगारेटचं पाकीट तेवीस सेंटला होतं आणि यंत्रात टाकायचा क्वार्टर, म्हणून दोन पेन्या मोड पाकिटातच घालून ठेवलेल्या असायच्या. त्यातून ही पेनी लोकांच्या हाती आली.

अगदी अलीकडचीही आहेत. २००४ च्या विस्कॉन्सिन राज्याच्या क्वार्टरवर मक्याचं कणीस आहे. डेन्व्हरच्या टांकसाळीतल्या काही नाण्यांवर त्या कणसाला एक पान जास्त आहे. काहींवर ते वर वळलेलं, काहींवर खाली. ती मुख्यतः ॲरिझोनातल्या टूसॉन भागात रोलमधूनच सापडली. आणि २०१९ व २०२० मध्ये तर टांकसाळीनंच गंमत केली. वेस्ट पॉइंट इथं पाडलेले, डब्ल्यू अक्षराचे क्वार्टर, प्रत्येक चित्राचे फक्त वीस लाख, मुद्दाम चलनात मिसळून दिले. एरवी एकेका चित्राचे कोट्यवधी पाडतात. लोकांनी पुन्हा आपल्या हातातल्या पैशाकडं बघावं एवढाच हेतू. मला आजवर असे तीन मिळाले. तिसरा मुलीनं शोधला, म्हणून तो तिचा.

इथं आपल्या विज्ञानाच्या बाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. बाई, तुम्ही समोरच बसला आहात. प्रयोगवहीत निरीक्षण एका रकान्यात आणि अनुमान दुसऱ्या रकान्यात लिहायला लावायचात, आणि निरीक्षणात अनुमान घुसलं की पान फाडायला लावायचात. दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांपैकी बहुतेक खोटी असतात. छापताना यंत्र हललं की अक्षराला एक सपाट, पायरीसारखी कड येते. तिला काही किंमत नाही. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरं गोलाईसकट उठलेली असतात आणि त्यांची टोकं फाटलेली दिसतात. दहापटीचं भिंग घेऊन आधी काय दिसतंय ते लिहायचं आणि मगच काय वाटतंय ते. हे मी अजून पाळते. कोडमधला दोष शोधतानाही पाळते.

आता खिशातलं, पर्समधलं एक नाणं काढा बघू. यूपीआयमुळं कोणाकडं नसेल तर शेजाऱ्याकडून घ्या. सालाच्या खाली बघा. पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखी आकृती असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं. नुसता गोल ठिपका असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. इतकी वर्षं ही खूण आपल्या खिशात होती. हात वर करा, आधी कोणाला माहीत होतं? चार. ठीक आहे, गणिताच्या सरांना धरून पाच.

बँकेशी वागायचे काही नियम असतात, तेही सांगते. जिथून नाणी घेतो तिथं ती परत भरायची नाहीत, नाहीतर तीच नाणी पुढच्या आठवड्यात आपल्यालाच मिळतात. भरायला दुसरी बँक, आणि तिथं मोजणीचं यंत्र असलेली. शुक्रवारी दुपारी आणि महिन्याच्या एक तारखेला जायचं नाही. काउंटरवरच्या माणसांची नावं लक्षात ठेवायची, दिवाळीला करंज्या न्यायच्या. २०२० मध्ये कोविडच्या काळात तिकडं नाण्यांची एवढी चणचण झाली की बँकांनाही नाणी मोजून मिळत होती. तेव्हा मी वर्षभर एकही खोकं मागितलं नाही. दुकानदाराला मोड मिळत नसताना आपण छंदासाठी अडवून बसू नये.

आता मूळ गोष्टीकडं येते.

साठ वर्षं झाली चांदीची नाणी बंद होऊन. इतक्या वर्षांत लाखो लोकांनी कडा बघून चांदी वेचून काढली. १९८० च्या सुरुवातीला चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला होता, तेव्हा तर पोत्यांनी नाणी वितळवली गेली. मग आज रोलमध्ये चांदी येते कुठून? ती तिथं साठ वर्षं फिरत नसते. फिरत असती तर गुळगुळीत झाली असती. पुष्कळदा ती कोरी, चकचकीत निघते. म्हणजे ती परवापरवापर्यंत कुठल्यातरी कपाटात होती. कपाटाचा मालक गेला, घर रिकामं करायची घाई होती, कोणीतरी बरणी उचलून बँकेत ओतली. किंवा घरातल्या पोरानं आजोबांचा डबा उघडून आइस्क्रीम आणलं. किंवा महिनाअखेरीला दूध आणायला दुसरे पैसे नव्हते. मला चांदी सापडते तेव्हा बहुधा कुठल्यातरी घरात एका माणसाला जे माहीत होतं ते दुसऱ्याला सांगायचं राहून गेलेलं असतं.

हे मला आधी तर्कानं कळत होतं. दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष हातात आलं. मी नेहमी जाते त्या बँकेतली मुलगी म्हणाली, काल कोणीतरी हातानं भरलेले हाफ डॉलरचे सहा रोल आणून दिलेत, तुला हवेत का? साठ डॉलर दिले. गाडीत बसूनच पहिल्या रोलचं टोक उघडलं. कड पांढरी. दुसरं नाणं पांढरं. तिसरं पांढरं. वीसच्या वीस. सहापैकी चार रोल पूर्ण चांदीचे निघाले. चालत्या लिबर्टीचे, १९४७ च्या आधीचे, मग फ्रँकलिनचे, आणि एक सबंध रोल १९६४ च्या केनेडींचा.

आठ वर्षांत असं घबाड मिळालं नव्हतं. मी घरी येऊन टेबलावर मांडलं आणि मग कागदांकडं लक्ष गेलं. चारही कागदांवर पेन्सिलीनं, वळणदार जुन्या अक्षरात, एकेक नाव आणि एकेक साल लिहिलं होतं. चार वेगळी नावं. सालं १९८० नंतरची, तीन-चार वर्षांच्या अंतरानं. नातवंडं असणार, प्रत्येकाच्या जन्माचं साल. कोणीतरी बसून चौघांसाठी वीस-वीस नाणी मोजून भरली होती, आपल्या हातानं कागद दुमडला होता, आणि ते कोणाला सांगायच्या आत, किंवा सांगूनही कोणी लक्ष न दिल्यामुळं, ती प्रत्येकी दहा डॉलरला बँकेत गेली होती.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. ग्राहकाचं नाव सांगता येत नाही, हे व्यवस्थापकांनी स्पष्ट केलं, आणि ते बरोबरच होतं. मी एक चिठ्ठी लिहून दिली. रोल माझ्याकडं आहेत, हवे असतील तर दिलेल्या किमतीला परत घेऊन जा, असा मजकूर आणि माझा नंबर. ती पुढं पोचवण्याचा प्रयत्न करू, असं त्यांनी सांगितलं. दोन वर्षं झाली. फोन आला नाही.

छंदातले मित्र म्हणाले, कायद्यानं तुझंच आहे, बँकेतून विकत घेतलंस, वीक आणि मोकळी हो. कायद्यानं त्यांचं बरोबर आहे. इतर सापडलेली चांदी मी विकते, त्यातून मुलीला सायकल घेतली, त्यात मला काही वाटत नाही. हे चार रोल मात्र मी कागदासकट तसेच ठेवलेत. कागदातून काढली की ती ऐंशी नाणी म्हणजे नऊशे ग्रॅम चांदी. कागदात आहेत तोवर ती त्या चौघांची आहेत. मी आईला फोनवर हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "ठेव. आपण कमावलेलं नाही ते, आपल्याकडं आलंय."

त्यानंतरच्या दिवाळीत मी इथं आले तेव्हा आईचा डबा उघडायला लावला. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असा डबा असेल. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवायचे चांदीचे रुपये. आमच्याकडं अकरा आहेत. मी लहानपणापासून ते बघत आले होते, पण माझ्या लेखी ते अकरा सारखे रुपये होते. मी लॅपटॉप उघडला आणि तक्ता केला. साल, कोणाची छाप, वजन, कोणाकडून आला, कधी, आणि पुढं कोणाला.

पहिले तीन रकाने मी भिंग आणि काटा घेऊन भरले. दोन राणीछाप, पाच पंचम जॉर्जचे, चार सहाव्या जॉर्जचे, तेही १९४० नंतरचे. मी मोठ्या ऐटीत सांगायला गेले की या चारांत निम्मीच चांदी आहे, तर आई म्हणाली, "माहिती आहे. तुझी आजी त्यांना लढाईतले रुपये म्हणायची. आवाज बसका त्यांचा." आठ वर्षांचा माझा अभ्यास आजीला कानानं ठाऊक होता.

पुढचे दोन रकाने फक्त आईच भरू शकत होती. एक राणीछाप तिच्या आईनं माझ्या बारशाला दिलेला. दुसरा आजोबांना पहिल्या पगारानंतर त्यांच्या मावशीनं दिलेला, पैसे जपून वापर हे सांगण्यासाठी. एक रुपया असा होता की १९७२ च्या दुष्काळात बाकीचे विकायला काढले तेव्हा आजीनं तो धान्याच्या कणगीत लपवला होता. मला त्या घरात वाढून यातलं काही माहीत नव्हतं.

शेवटचा रकाना आईनं दोन दिवस रिकामा ठेवला. तिसऱ्या दिवशी चहा घेताना एकेक नाव सांगितलं. मी, भाऊ, सुना, नातवंडं, हे अपेक्षित होतं. पण कणगीतला रुपया तिनं दिला आमच्याकडं चोवीस वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशींच्या नातीला. मी बघतच राहिले. आई म्हणाली, "तुझ्या बाबांच्या आजारपणात ती बाई एक दिवस चुकली नाही. तिच्या नातीला नर्सिंगला जायचंय. लिही तिचं नाव." मी लिहिलं. आईनं सांगितलं नसतं तर तो रुपया माझ्या वाट्याला आला असता, आणि मी तो आनंदानं घेतला असता.

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील आता सत्तरीच्या पुढं आहेत. काहींनी घरं रिकामी केलीही आहेत, आणि ती किती घाईत करावी लागतात हे त्यांना माहीत आहे. चार दिवसांची रजा, विमानाचं परतीचं तिकीट, भंगारवाला दारात. वस्तू आपल्यापर्यंत पोचते. ती कोणाची, का ठेवली, पुढं कोणाला द्यायची, हे वस्तूबरोबर येत नाही. ते कोणीतरी विचारावं लागतं आणि लिहावं लागतं. नाण्यांचंच असं नाही. तांब्याचा बंब, भिंतीवरचे फोटो, लोणच्याच्या बरण्या, बँकेच्या पासबुकातली नोंद, सगळ्याचं तेच. या सुट्टीत एक दुपार काढा. आईजवळ, वडिलांजवळ बसा, डबा उघडा आणि विचारा. मोठा तक्ता नको, शाळेची दोनशे पानी वही पुरे. आणि स्वतःच्या कपाटातल्या वस्तूंवरही दोन ओळी लिहून ठेवा. आपली पोरंही एक दिवस घाईतच येणार आहेत.

अमेरिकेत १७९३ पासून पाडली जाणारी पेनी नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी पाडणं बंद झालं. एक सेंटचं नाणं बनवायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. डाईम, क्वार्टरही कार्डापुढं किती दिवस टिकतील, देव जाणे. नाणी गेली तर माझा छंद संपेल, त्याचं मला फार वाईट वाटणार नाही. कपाटं तेव्हाही भरलेलीच असतील.

फार वेळ घेतला. चहाची वेळ झाली आहे आणि स्वयंसेवक मागून खुणा करत आहेत. मी येताना हाफ डॉलरचे पाच रोल न उघडता आणलेत. चहाच्या टेबलाशेजारी ठेवते. ज्यांना कडा बघायच्या आहेत त्यांनी कप घेऊन या. बाई, पहिला रोल तुम्ही फोडा. चांदी निघालीच तर ती शाळेच्या प्रयोगशाळेला, घनतेच्या प्रयोगासाठी, आणि डब्यात कागदावर लिहून ठेवू की ती कुठून आली.